आवडता फोन की सवयीचं सिम? आधी काय ठरवायचं

फोन एका कंपनीचा आवडलाय, सिम दुसऱ्याच कंपनीचं आहे, आणि 'त्या दोघांचं जमत नाही' असं कोणीतरी सांगितलंय. पहिल्यांदा स्वतःच्या मनाने फोन निवडणारा माणूस हमखास इथे अडकतो. मग एकतर तो त्या फोनचा नाद सोडतो, नाहीतर नंबर पोर्ट करून मोकळा होतो. दोन्ही निर्णय घाईचे. 'जमत नाही' यामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा फोनच्या बनावटीशी काही संबंध नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी नेटवर्क आधी ठरवावं, फोन नंतर. फोन काही वर्षांत बदलतोच. घर, कामाची जागा आणि त्यांच्या आसपासचे टॉवर मात्र तितक्या सहज बदलत नाहीत. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

पायरी १ : 'चालत नाही' म्हणजे नेमकं काय?

हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, का चालत नाही? उत्तर या चारपैकी एक असेल.

एक, तो फोन एका सिम कंपनीला लॉक केलेला आहे. दोन, त्या कंपनीचे टॉवर ज्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या ज्या ठरावीक पट्ट्यांवर चालतात, ते बँड फोनमध्ये नाहीत. तीन, इंटरनेट चालेल, पण ४जीवरून कॉल लागणार नाहीत. चार, तुमची सिम कंपनी तो फोन स्वतः विकत नाही किंवा हप्त्यांवर देत नाही.

चौथं कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि ते सगळ्यात पोकळ आहे. 'आम्ही ठेवत नाही' याचं बोलता बोलता 'चालत नाही' होऊन जातं. तसं असेल तर फोन बाहेरून अनलॉक घ्या, तुमचं सिम घाला, विषय संपला.

पूर्वी मात्र ही निवड खरोखरच करावी लागायची. २००७ साली अमेरिकेत पहिला आयफोन आला तो फक्त एटी अँड टीच्या नेटवर्कवर. व्हेरायझन या दुसऱ्या नेटवर्कच्या ग्राहकाला तो हवा असेल तर कंपनी बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ही स्थिती २०११च्या फेब्रुवारीपर्यंत होती. त्यात तंत्रज्ञानही वेगळं होतं. एक नेटवर्क जीएसएमचं, दुसरं सीडीएमएचं, म्हणजे एकीकडचा हँडसेट दुसरीकडे निव्वळ शोभेचा. ४जी आल्यावर सगळ्या कंपन्या एकाच मूळ तंत्रावर आल्या आणि ही भिंत बरीचशी पडली. तरी 'अमुक फोन अमुक कंपनीचाच' ही समजूत अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही.

पायरी २ : रेंजच्या कांड्या सोडा, आकडा बघा

नेटवर्क आधी ठरवायचं तर ते तपासायचं कसं? कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेजचा नकाशा बघून भागत नाही. तो गणिताने काढलेला अंदाज असतो. तुमच्या भिंती किती जाड आहेत आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे हे त्या नकाशाला ठाऊक नसतं.

स्क्रीनवरच्या कांड्यांवरही विसंबू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. २०१०च्या जुलैमध्ये ॲपलनेच जाहीर केलं होतं की कांड्या मोजण्याचं आपलं सूत्र साफ चुकीचं होतं आणि पुष्कळदा दोन कांड्या जास्तीच्या दिसत होत्या. त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनवर चार आणि तुमच्यावर दोन, एवढ्यावरून ना फोनबद्दल काही ठरतं, ना नेटवर्कबद्दल.

त्याऐवजी डीबीएमचा, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या मापाचा आकडा बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'खाली सिम स्टेटसमध्ये सिग्नल स्ट्रेंथ दिसते. आयफोनवर डायलरमधून *३००१#१२३४५#* लावलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. आकडा नेहमी वजा असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर वजा ८५ म्हणजे उत्तम. वजा १००पर्यंत काम भागतं. वजा ११०च्या पलीकडे गेलात की आवाज तुटायला लागतो, आणि वजा १२०च्या आसपास कॉल टिकणं नशिबावर. हे माप सरळ चढत नाही. दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी-जास्त. म्हणून एका कंपनीचा आकडा वजा ९५ आणि दुसरीचा वजा १०५ असेल तर 'थोडाच फरक आहे' असं म्हणू नका.

आता हे प्रत्यक्ष करायचं कसं ते सांगतो. ज्या दोन कंपन्यांमध्ये मन दोलायमान आहे, त्यांची सिम मिळवा. दुसरीचं छोट्यात छोट्या रिचार्जचं प्रीपेड सिम पुरतं. दोन्ही एकाच अनलॉक फोनमध्ये आलटून-पालटून घाला. दोन वेगळ्या फोनवर मोजलंत तर फरक फोनचा की नेटवर्कचा हे कळणार नाही. झोपायची खोली, स्वयंपाकघर, कामाची खुर्ची, रोजच्या रस्त्यावरची एखादी नेहमी अडणारी जागा, एवढ्या ठिकाणी उभं राहून आकडा टिपून घ्या. सिम घातल्यावर किंवा जागा बदलल्यावर मिनिटभर थांबा, कारण फोनला टॉवर धरायला वेळ लागतो. आणि एक फेरी संध्याकाळी उशिरा करा. सिग्नल जोरात पण नेट कूर्मगतीने, हा प्रकार तेव्हाच उघडा पडतो. त्या वेळी टॉवरवर गर्दी असते आणि गर्दी डीबीएममध्ये दिसत नाही, ती वेग मोजूनच कळते.

बॅटरीबद्दलही इथेच सांगायला हवं. सिग्नल कमजोर असला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन जास्त ताकद लावतो आणि बॅटरी उतरत जाते. 'या कंपनीच्या फोनला बॅटरीच नाही' अशा कित्येक तक्रारींचं मूळ खरं तर सिममध्ये असतं. तुमच्या आताच्या फोनवर तुम्ही चिडला असाल तर ब्रँड बदलण्याआधी हा आकडा एकदा बघाच.

पायरी ३ : फोनच्या नावावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक बघा

नेटवर्क ठरलं. आता आवडता फोन त्यावर नीट चालेल का? इथे बहुतेकजण फोनचं नाव शोधतात आणि फसतात. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या अंगाने बनवलेला असतो. आयफोन १३चेच पाच मॉडेल क्रमांक होते. अमेरिकेतल्या रूपात मिलिमीटर वेव्ह, म्हणजे खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचं ५जी होतं, बाकीच्यांत नव्हतं. चीनमधल्या रूपात दोन प्रत्यक्ष सिमची सोय होती, बाकीकडे एक सिम आणि ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम. खोक्यावरचं नाव मात्र सगळीकडे एकच.

मॉडेल क्रमांक सेटिंग्जमध्ये किंवा खोक्यावर छापलेला सापडतो. तो घेऊन फोन कंपनीच्या अधिकृत पानावर जा आणि त्या क्रमांकापुढची बँडची यादी उतरवून घ्या. मग तुमच्या सिम कंपनीचे तुमच्या भागातले बँड शोधा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा.

एक उदाहरण घेऊ. समजा नेटवर्क ४जीसाठी बँड ३, ४० आणि २८ वापरतं. फोनच्या यादीत १, ३, ५, ७, ८, २०, ३८, ४०, ४१ आहेत. वरवर पाहिलं तर ही यादी भरगच्च आहे आणि तीनपैकी दोन बँड जुळलेत. पण राहिलाय तो नेमका २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा. बँड ३ हा १८०० मेगाहर्ट्झचा, ४० तर २३०० मेगाहर्ट्झचा. फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितकी जास्त माहिती एका वेळी वाहून नेता येते, पण लहरी लांब पोहोचत नाहीत आणि भिंतीत अडकतात. खालची फ्रिक्वेन्सी वेगाला मध्यम, पण दूरवर जाते आणि भिंती भेदून आत येते. तेव्हा हा फोन रस्त्यावर झकास चालेल, नेटचा वेगही छान देईल, आणि तळघरात किंवा इमारतीच्या अगदी आतल्या खोलीत 'नो सर्व्हिस' दाखवेल. शहराबाहेर पडल्यावरही तेच. मालक नेटवर्कला शिव्या देईल, नेटवर्कवाले फोनकडे बोट दाखवतील, आणि दोष फक्त चुकीच्या मॉडेल क्रमांकाचा असेल.

थोडक्यात, किती बँड जुळले हे मोजत बसू नका. तुमच्या कंपनीचा खालचा बँड, म्हणजे १००० मेगाहर्ट्झच्या आतला, फोनमध्ये आहे की नाही ते आधी बघा. तो नसेल तर फोन कितीही लाडका असला तरी त्या मॉडेलचा नाद सोडा. त्याच फोनचं दुसरं मॉडेल चालू शकेल.

५जीची यादी वेगळी असते, त्यात आकड्याआधी 'एन' लावलेला असतो. एन७८ हा जगभर सर्वाधिक वापरात असलेल्या बँडपैकी एक. पण ५जीच्या बाबतीत बँड जुळणं पुरेसं नसतं, फोन कंपनीने त्या नेटवर्कसाठी ते सॉफ्टवेअरमधून सुरूही करावं लागतं. भारतात २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ५जी सुरू झालं तेव्हा कित्येकांच्या हातात ५जी आयफोन होते, बँडही जुळत होते, तरी त्यांना डिसेंबरच्या अपडेटपर्यंत ५जीचं दर्शन झालं नाही. म्हणून 'पुढे अपडेट येईल' या भरवशावर फोन घेऊ नका. आज चालतंय का, तेवढंच विचारा.

पायरी ४ : कॉल लागतो का?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण परदेशातून आणलेल्या किंवा कमी विकल्या जाणाऱ्या फोनबाबत सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. ४जी हे मुळात डेटाचं तंत्र आहे. त्यात जुन्या पद्धतीचा कॉल नसतोच. कॉल करायचा तर व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय लागते, नाहीतर फोन तेवढ्यापुरता ३जी किंवा २जीवर उतरतो. बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय, काही ठिकाणी २जीसुद्धा. उतरायला खालची पायरीच नसेल तर इंटरनेट धडाक्यात चालणारा फोन कॉल करायला गेलं की मुका होतो.

व्होल्टे फोनमध्ये असणं वेगळं आणि तुमच्या सिम कंपनीने त्या मॉडेलवर ते चालू ठेवणं वेगळं. काही कंपन्या मंजूर मॉडेलची यादीच ठेवतात. ऑस्ट्रेलियात २०२४च्या ऑक्टोबरअखेर ३जी बंद झालं. जे फोन ४जीवरून आपत्कालीन क्रमांक लावू शकत नाहीत ते नेटवर्कवरून रोखण्याचं बंधन तिथल्या सिम कंपन्यांवर घालण्यात आलं. त्यात ४जी डेटा उत्तम चालवणारे फोनही सापडले.

तपासणं सोपं आहे. फोनमध्ये तुमचं सिम घाला, वायफाय बंद करा, कॉल लावा आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जीचं चिन्ह टिकलं किंवा व्होल्टे लिहिलेलं दिसलं तर ठीक. ते ३जी, एच किंवा ई झालं तर व्होल्टे चालत नाहीये. फोन अजून हातात आलेला नसेल तर सिम कंपनीला मॉडेल क्रमांक देऊन लेखी विचारा. फोनवरच्या होकाराला नंतर कोणी विचारत नाही.

वायफाय कॉलिंगलाही, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून नेहमीचा कॉल करण्यालाही, हाच नियम. घरात रेंज नाही पण ब्रॉडबँड चांगलं आहे, अशांना त्याचा मोठा आधार असतो. ते चालत असेल तर नेटवर्कची निवड एवढी जीवनमरणाची राहत नाही आणि आवडत्या फोनला थोडं झुकतं माप द्यायला हरकत नाही.

पायरी ५ : लॉक आणि हप्ते

सिम कंपनीकडून स्वस्तात किंवा हप्त्यांवर मिळणारा फोन काही देशांत त्या कंपनीला लॉक असतो. कॅनडाने २०१७च्या डिसेंबरपासून आणि ब्रिटनने २०२१च्या डिसेंबरपासून लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली. अमेरिकेत मात्र हा प्रकार अजून चालतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलात की 'कॅरियर लॉक'पुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसायला हवं. अँड्रॉइडवर खात्रीची रीत एकच, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं.

हप्त्यांचा हिशोब करताना महिन्याचा आकडा बघू नका. सुरुवातीची रक्कम, सगळे हप्ते आणि त्या मुदतीत सक्तीने घ्यावा लागणारा प्लॅन, या सगळ्याची बेरीज करा. मग तोच फोन बाहेरून अनलॉक घेऊन तुमच्या गरजेपुरता प्लॅन वापरला तर तेवढ्याच महिन्यांत किती जातील ते काढा. पुष्कळदा 'फुकट' फोन महाग पडतो, कारण प्लॅन तुमच्या वापराच्या दुप्पट असतो.

जुना फोन घेत असाल तर *#०६# लावून पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बघा आणि तो चोरीच्या किंवा हप्ते थकलेल्या यादीत नाही ना, याची खात्री करा. अशा यादीतला फोन वायफायवर मजेत चालतो, सिम घातलं की गप्प.

पायरी ६ : बारीकसारीक, पण नंतर बोचणारं

स्वतःचं नेटवर्क असलेलं घड्याळ घ्यायचं असेल तर त्याला सिम कंपनीचा वेगळा पाठिंबा लागतो, फोन चालला म्हणजे घड्याळ चालेल असं नाही. ई-सिमचंही तसंच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ला आणि त्यानंतरच्या आयफोनना सिमचा कप्पाच नाही. तिथून कोणी फोन आणून देणार असेल तर तुमची कंपनी ई-सिम देते का हे आधी बघा. दुसऱ्याचे टॉवर भाड्याने घेऊन चालणाऱ्या स्वस्त सिम कंपन्या असतात, त्यांच्यावर रेंज मूळ कंपनीचीच मिळते, पण वायफाय कॉलिंग किंवा रोमिंग मिळेलच असं नाही.

फोन आधी, नेटवर्क नंतर, हे कोणी करावं?

ज्यांचं काम किंवा रोजचं जगणं एका विशिष्ट फोनवर अवलंबून आहे त्यांनी. दृष्टी अधू असलेल्या आणि एका फोनच्या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) हात बसलेल्या माणसाला 'नेटवर्कसाठी ब्रँड बदला' सांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. श्रवणयंत्र फोनला जोडणारे, एकाच कंपनीच्या लॅपटॉप-टॅबलेटवर सगळं काम उभं केलेले, कॅमेऱ्यावर पोट असलेले, या सगळ्यांनी फोन पक्का धरावा आणि त्यावर चालणाऱ्या नेटवर्कपैकी बरं नेटवर्क निवडावं. दिवसभर वायफायमध्येच असणाऱ्यांनाही ही मुभा आहे.

'मला तो फोन दिसायला आवडतो' हेसुद्धा कारण आहे, मी त्याला हसणार नाही. फक्त आतल्या खोलीत वजा ११८ आकडा असेल तर त्या सुंदर फोनवर सगळे कॉल गच्चीत जाऊन घ्यावे लागतील, एवढं धरून चला.

मधला मार्गही आहे आणि तो फार कमी लोक विचारात घेतात. फोनमध्ये दोन सिम चालत असतील तर जुना नंबर आहे त्याच कंपनीकडे कॉल आणि ओटीपीसाठी राहू द्या, आणि डेटासाठी चांगल्या रेंजचं दुसरं सिम टाका. पोर्ट करण्याची गरजच पडत नाही. दोन रिचार्ज सांभाळायची कटकट होते, पण डेटा एकावर असल्यामुळे दुसऱ्यावर लहानसा प्लॅन पुरतो.

बदल करायचा तर या क्रमाने

आधी फोन घ्या आणि त्यात तुमचं जुनंच सिम घालून कॉल, मेसेज, डेटा तपासा. मग नव्या कंपनीचं तात्पुरतं सिम घालून तेच करा. दोन्ही नीट चाललं, तरच नंबर पोर्ट करायला टाका. उलट क्रमाने गेलात आणि काही बिघडलं, तर फोनचा दोष की नेटवर्कचा हे शोधता येत नाही.

पोर्टिंग पूर्ण होईपर्यंत जुनं सिम चालू हवं आणि त्यावर थकबाकी नको. ते कधीही स्वतःहून बंद करायला सांगू नका. सिम बंद झालं की नंबरही हातचा जातो. बदलाच्या वेळी काही तास मेसेज येत नाहीत, तेव्हा बँकेचं एखादं काम त्या दिवशी ठेवू नका.

जुन्या फोनमध्ये ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर चालू झाल्याचं बघितल्याशिवाय जुना फोन रीसेट करू नका. ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, आणि रीसेटमध्ये ई-सिम पुसलं गेलं तर कंपनीकडून नवं मागावं लागतं. आणि फोन परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं, बिल आणि आतली सिम काढायची पिन जपून ठेवा, कारण आतल्या खोलीतली रेंज खरी कशी आहे ते दोन-चार दिवस राहिल्यावरच कळतं.